हेन्लेनं नाकारलेला गवंडी : १९२० चं जॅक केली प्रकरण, सांगलीतनं बघताना

आधी काय घडलं ते सरळ सांगतो, मग त्यावर बोलू.

१९२० साल. इंग्लंडात थेम्सच्या काठावर हेन्ले नावाचं गाव आहे, तिथं १८३९ पासून वल्ह्याच्या होड्यांची रेगाटा, म्हणजे शर्यतींचा मेळा, भरते. त्यातली डायमंड स्कल्स ही एकट्यानं मारायची रेस, दोन हातात दोन वल्ही, पाठ फिनिशकडं, आणि त्या काळी एकट्याच्या रोइंगमध्ये फार मानाचं बक्षीस. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा जॉन केली, सगळे जॅक म्हणायचे, वय ३०, महायुद्धातनं परत आलेला, आपल्या देशाचा चॅम्पियन, त्यानं या रेससाठी एन्ट्री पाठवली. निघायची सगळी तयारी झालेली आणि कळलं की एन्ट्री नामंजूर.

हेन्लेच्या कमिटीच्या नोंदीत कारणं दोन आहेत. एक, केली ज्या व्हेस्पर बोट क्लबचा मेंबर होता त्या क्लबवर १९०६ पासून हेन्लेत बंदी होती, ती का ते पुढं येईल. दोन, केली स्वतः नियमात बसत नव्हता, आणि त्यापुढं कंसात दोनच शब्द, अंगमेहनतीचं काम. कारण केली विटा रचायचा. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या आईबापांच्या दहा पोरांतला एक, आणि धंद्यानं गवंडी.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमात अँटवर्प ऑलिम्पिक झालं. तिथं याच केलीनं सिंगल स्कल्सचं गोल्ड मारलं आणि ज्याला मागं टाकलं तो जॅक बेरेसफर्ड हा त्याच उन्हाळ्यात हेन्लेची डायमंड स्कल्स जिंकलेला इंग्लिश गडी होता. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, आणि सांगताना बहुतेक जण इथंच थांबतात, गवंड्यानं साहेबांना दाखवून दिलं, विषय संपला. मला ती तेवढ्यावर सोडवत नाही. मी सांगलीत राहतो, पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की इथं होड्यांच्या शर्यती होतात, आयर्विन पुलावर आणि दोन्ही काठांवर उभं राहायला जागा नसते, आणि त्या होड्यांत बसणारी पोरं कोण असतात ते इथं कुणाला सांगायला नको. शेतकऱ्याची, गवंड्याची, सेंट्रिंगवाल्याची, हमालाची, काही स्वतःच मासे धरणारी. हेन्लेनं केलीला लावलेली दोन्ही कलमं मी या पोरांना लावून बघतो तेव्हा एकसुद्धा होडी सुटत नाही. म्हणून हे प्रकरण नीट उघडून बघावंसं वाटलं.

नियम आला कुठनं

लंडनमध्ये थेम्सवर पूल कमी होते तेव्हा माणसं इकडनं तिकडं न्यायचं काम नावाड्यांचं होतं. त्या नावाड्यांसाठी १७१५ साली थॉमस डॉगेट नावाच्या नटानं एक शर्यत लावून दिली, लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत, शिकाऊपणा नुकताच संपलेल्या तरण्या नावाड्यांची, बक्षीस म्हणजे लाल कोट आणि त्यावर चांदीचा बिल्ला. ती शर्यत आजही होते. म्हणजे ज्याला आज आपण रोइंग म्हणतो त्या खेळाची सगळ्यात जुनी चालू शर्यत ही पोटासाठी वल्हं मारणाऱ्यांची आहे, हौशी लोकांची नाही.

साहेब लोक नंतर आले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पहिली बोट रेस १८२९ ला, तीही हेन्लेतच, आणि दहा वर्षांनी रेगाटा. सुरुवातीला कोण हौशी नि कोण धंदेवाईक याची लेखी व्याख्या फारशी कुणाला लागत नव्हती, माणसं एकमेकाला ओळखून होती. मग पैशाच्या शर्यती वाढल्या, त्यावर सट्टा वाढला, मुद्दाम हरायचे प्रकार व्हायला लागले, आणि हेन्लेनं १८७९ मध्ये व्याख्या लिहूनच काढली. पैशासाठी शर्यत मारलेला चालणार नाही, पैसे घेऊन कुणाला शिकवलेला चालणार नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण पुढं असंही आलं की जो रोजगारासाठी मिस्त्री, कारागीर किंवा मजूर आहे किंवा पूर्वी कधी होता तोही हौशी नाही. आणि होड्यांवर पगारी काम केलेला तर नाहीच नाही.

'पूर्वी कधी होता' हे शब्द परत वाचा. म्हणजे पोरगा चौदाव्या वर्षी वर्षभर विटा उचलून पुढं शाळामास्तर झाला तरी तो कायमचा बाद. शर्यतीत त्यानं एक छदाम घेतलेला नसला तरी बाद. इथंच कळतं की हा नियम पैशाबद्दलचा नाहीच. पैशाबद्दलचा असता तर माणसानं खेळातनं काय कमावलं ते विचारलं असतं, तो पोट कशावर भरतो हे विचारायचं कारणच नव्हतं.

बरं, त्या काळात सगळ्यांचीच समजूत अशी होती असं म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. १८९० मध्ये इंग्लंडातच दुसरी संघटना निघाली, नॅशनल अॅमॅच्युअर रोइंग असोसिएशन, त्यामागं फर्निव्हल नावाचे विद्वान गृहस्थ होते, आणि त्यांचं म्हणणं एवढंच की पैशासाठी वल्हवू नका, बाकी तुम्ही सुतार असा की लोहार असा, या. म्हणजे पर्याय डोळ्यासमोर होता, त्याच देशात, त्याच नदीवर चालू होता. हेन्लेनं तो तीस वर्षं बघितला आणि १९२० मध्ये केलीला तरी जुनंच कलम लावलं.

मेहनतीनं ताकद येते हा मुद्दा

नियमाच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी दिला जायचा आणि तो ऐकायला खरा वाटतो. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याचे हात-खांदे आपोआप तयार होतात, कचेरीत बसणाऱ्याला ते कुठनं मिळणार, म्हणजे लढत बरोबरीची नाही.

माझे वडील गवंडी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या हाताखाली सुट्टीत मी बिगारी केलीय त्यामुळं या कामाची ताकद कसली असते ते जवळनं बघितलंय. अण्णा डाव्या हातानं वीट उचलायचे ती न बघता, उजव्या हातात थापी, मसाला पसरला, वीट ठेवली, थापीच्या दांड्यानं दोन ठोके, बाहेर आलेला मसाला थापीनंच काढून पुढच्या विटेला. डोळा सगळा दोरीवर. संध्याकाळी मनगट आणि कंबर धरायची, मांड्या नाही. सकाळी आठला लावलेला वेग सहा वाजता तसाच ठेवायचा ही त्यातली खरी कमाई, आणि ते दम टिकवणं खेळात उपयोगी पडतं हे मी मान्यच करतो.

पण रेसिंग बोट चालते कशावर? १८४० च्या दशकात बोटीच्या कडेबाहेर लोखंडी आधार काढून त्यावर वल्हं टेकवायला लागले, त्यामुळं बोट अरुंद करता आली. १८७० च्या दशकात सरकती सीट आली. सीट रुळावर मागंपुढं जाते, पाय फळीला बांधलेले, वल्हं पाण्यात घातलं की आधी मांड्यांनी ढकलायचं, मग पाठ, हात सगळ्यात शेवटी. ताकदीचा मोठा वाटा पायांचा. म्हणजे १९२० पर्यंत हा खेळ हाताच्या बळावरनं पायावर, दमावर आणि तालावर येऊन जवळपास पन्नास वर्षं झालेली, आणि नियम मात्र विटा उचलणाऱ्या हाताला घाबरून बसलेला. शिवाय उलट बाजू कुणी मोजलीच नाही. दहा तास काम करून संध्याकाळी नदीवर येणारा गवंडी आणि दुपारभर नदीवरच असणारा कॉलेजचा पोरगा, यात सरावाला वेळ कुणाला जास्त? खाणं कुणाचं चांगलं? बरोबरीचा हिशेब मांडायचाच तर सगळा मांडायला पाहिजे होता.

आणि एक गोष्ट मला फार लागते. बेरेसफर्डच्या घरचा फर्निचर बनवण्याचा धंदा होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, महायुद्धात पायाला जखम झालेला हा माणूस पुढं पाच ऑलिम्पिक खेळला, १९२० ते १९३६, आणि पाचही ठिकाणी मेडल, तीन गोल्ड आणि दोन सिल्व्हर. पण नियमाचं बघा, फर्निचरच्या कारखानदाराचा मुलगा चालतो, त्याच फर्निचरला रंधा मारणारा सुतार चालत नाही.

क्लबवरची बंदी, जी कुणी सांगत नाही

केलीची गोष्ट सांगताना व्हेस्परवरची बंदी गाळली जाते, पण प्रकरण म्हणून बघायचं तर ती सांगायलाच हवी, नाहीतर हेन्लेवर अन्याय होईल. व्हेस्पर हा साधा क्लब नव्हता, १९०० चं पॅरिस आणि १९०४ चं सेंट लुइस, दोन्ही ऑलिम्पिकांत आठजणांच्या बोटीचं गोल्ड त्यांचं. १९०५ मध्ये त्यांची टीम हेन्लेला आली, आणि नंतर असं बाहेर आलं की प्रवासखर्च लोकांकडनं वर्गणी काढून उभा केला होता. हेन्लेच्या दृष्टीनं खेळाडूनं दुसऱ्याच्या पैशानं खेळायला येणं म्हणजे पैसे घेऊन खेळणंच. १९०६ च्या जूनमध्ये ठराव झाला की या क्लबची एन्ट्री इथून पुढं घ्यायची नाही.

म्हणजे १९२० मध्ये केली बँकेत कारकून असता तरी व्हेस्परकडनं त्याला प्रवेश मिळाला नसता. त्यामुळं 'फक्त गवंडी म्हणून नाकारलं' हे पूर्ण खरं नाही. पण कमिटीनं बंदीचं कारण पुरेसं असताना वर दुसरं कारणही मुद्दाम लिहून ठेवलं, आणि केलीनं आयुष्यभर मनात धरलं ते हे दुसरंच. मला विचाराल तर दोन्ही कारणं मुळात एकाच ठिकाणी जातात. ज्याच्या खिशात स्वतःच्या खर्चानं अटलांटिक ओलांडायचे पैसे आहेत त्यानंच यावं.

आता हे आपल्याकडं लावून बघा. कृष्णाकाठच्या गावात शर्यतीची होडी येते कशी? गावात वर्गणी होते. कुणी साखर कारखान्यातला पगारदार दोन हजार देतो, कुणी दूध घालणारा शंभर देतो, एखादा पुढारी मोठा आकडा टाकतो, आणि मग होडी गावाची होते. ती जिंकली की गुलाल गावाचा, हरली तर आठवडाभर चावडीवर तोच विषय. वर्गणी म्हणजे गावानं त्या पोरांवर लावलेला जीव आहे. हेन्लेच्या वहीत तो गुन्हा होता.

आमच्या गल्लीत एक तात्या आहेत, तरुणपणी होडीत बसायचे, आता काठावर बसून पोरांना ओरडतात. त्यांना मी हे सगळं सांगितलं, मजूर चालत नाही, होडीवर पगारी राबलेला चालत नाही, वर्गणी चालत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पाण्यात उतरायचं कुणी रं?"

२९ ऑगस्ट १९२०

ऑलिम्पिकचं रोइंग अँटवर्पमध्ये नव्हतंच, ते ब्रुसेल्सजवळ विल्व्होर्ड इथं कालव्यावर ठेवलं होतं. हेन्लेत हिरवळ, झाडं, टोपीवाले प्रेक्षक, आणि इथं दोन्ही बाजूला कारखाने. दोन हजार मीटर सरळ पाणी.

केली ३० चा, बेरेसफर्ड २१ चा. रेस शेवटपर्यंत अटीतटीची झाली. केली ७ मिनिटं ३५ सेकंद, बेरेसफर्ड ७ मिनिटं ३६ सेकंद. तिसरा न्यूझीलंडचा डार्सी हॅडफिल्ड. एका सेकंदाचा फरक म्हणजे त्या वेगाला अंदाजे साडेचार मीटर, बोटीची निम्मी लांबी. दोघं इतके संपले होते की एकमेकाला हात मिळवायचंही त्राण उरलं नाही असं सांगतात.

आणि खरी कमाल पुढं आहे, जी मला त्या एका सेकंदापेक्षा मोठी वाटते. साधारण अर्ध्या तासानं केली परत बोटीत बसला, या वेळी नात्यातला भाऊ पॉल कॉस्टेलो याच्याबरोबर डबल स्कल्सला, म्हणजे दोघांच्या बोटीत, आणि तेही गोल्ड, ७ मिनिटं ९ सेकंद, दुसऱ्या आलेल्या इटलीच्या जोडीला तब्बल दहा सेकंदांनी मागं टाकून. ज्यानं कुणी रोइंग मशिनवर, म्हणजे जमिनीवरच वल्हं मारल्यासारखं ओढायच्या व्यायामाच्या यंत्रावर, दोन हजार मीटर एकदा जीव तोडून मारलंय त्याला विचारा, अर्ध्या तासानं त्याच्या पायांची काय हालत असते. मांड्या दगडासारख्या होतात, घशाला लोखंडाची चव येते, उलटी होईल असं वाटत राहतं. तशा अवस्थेत दुसरी फायनल. १९२४ ला पॅरिसमध्ये या दोघांनी डबल स्कल्स पुन्हा जिंकली, म्हणजे केलीची एकूण तीन गोल्ड.

ऑलिम्पिकनं केलीला का घेतलं हाही प्रश्न आहे. ऑलिम्पिकही तेव्हा हौशी लोकांचंच होतं, बक्षिसाचा पैसा तिथंही चालत नव्हता. पण रोइंगच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशननं, जी १८९२ मध्ये इटलीत तुरिनला स्थापन झाली आणि दुसऱ्या वर्षापासून युरोपियन चॅम्पियनशिप भरवायला लागली, इंग्लंडचा हा मजूरबंदीचा हट्ट धरला नव्हता. हेन्ले खाजगी रेगाटा, तिचे नियम तिचे. माझं मत असं की ऑलिम्पिकनं या खेळाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, दाराशी पोटापाण्याचा धंदा विचारणारा माणूस उभा नव्हता. अर्थात ऑलिम्पिकचं दारही सगळ्यांना उघडं नव्हतं, बायकांना रोइंगमध्ये यायला १९७६ चं माँट्रियल उजाडावं लागलं, आणि तिथंही अंतर निम्मं, १००० मीटर, ते २००० झालं १९८८ ला सोलमध्ये.

कलम गेलं कसं

केलीच्या विजयानं नियम बदलला असं कुणी म्हणत असेल तर तारखा बघा. १९२० नंतर तो आणखी सतरा वर्षं टिकला. १९३६ ला ऑस्ट्रेलियाची आठजणांची टीम बर्लिन ऑलिम्पिकला निघाली, सगळे न्यू साउथ वेल्सचे पोलिस, वाटेत हेन्लेत खेळायचं होतं, तर त्यांनाही नाकारलं, पोलिसाची नोकरी म्हणजे अंगमेहनत. आता हा ब्रिटिश साम्राज्यातलाच देश, आणि पोलिस म्हणजे कायदा राखणारी माणसं, यावर एवढा गवगवा झाला की १९३७ मध्ये ते कलम शेवटी काढलं.

त्याच १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनजवळच्या ग्र्युनाऊ इथल्या तळ्यावर आठजणांच्या बोटीचं गोल्ड अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या पोरांनी मारलं, इटली आणि जर्मनीला सेकंदाच्या अंतरात मागं टाकून. त्या बोटीत लाकूडतोड करणाऱ्या आणि शेती करणाऱ्या घरांतली पोरं होती, एक जण तर फीसाठी ग्रँड कुली धरणाच्या कामावर राबलेला. हेन्लेच्या वहीत त्यालाही जागा नव्हती.

केलीनं पुढं विटांच्या बांधकामाचा स्वतःचा मोठा धंदा उभा केला. मुलाला, म्हणजे धाकट्या जॅक केलीला, लहानपणापासून होडीत बसवलं, आणि त्या मुलानं १९४७ मध्ये हेन्लेची डायमंड स्कल्स जिंकली, १९४९ ला परत. धाकट्याला १९५६ ला मेलबर्नमध्ये सिंगल स्कल्सचं ब्राँझही मिळालं. बापाचं समाधान झालं असणार, पण नियमाचा हिशेब त्यानं फिटत नाही असं मला वाटतं, कारण मुलगा गेला तो गवंडी म्हणून नाही, श्रीमंत कंत्राटदाराचा पोरगा म्हणून गेला. थेम्सवरच्या ज्या सुतारा-लोहारांनी १८७९ ते १९३७ मध्ये एन्ट्रीच पाठवली नाही, कारण उपयोग नाही हे माहीत होतं, त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.

आपल्याकडं दार कसलं आहे

भारतात हा खेळ साहेबांच्या क्लबांतनंच आला, कलकत्ता, मद्रास, पुण्यात मुळा-मुठेच्या काठी रॉयल कनॉट बोट क्लब. आशियाई स्पर्धांत रोइंग पहिल्यांदा आलं ते आपल्याच १९८२ च्या दिल्लीच्या स्पर्धेत, आणि ते घेतलं जयपूरजवळच्या रामगढ तलावात. ऑलिम्पिकला आपली पहिली रोइंग जोडी गेली २००० ला सिडनीत, कासम खान आणि इंदरपाल सिंग. आशियाई गोल्ड पहिल्यांदा २०१० ला ग्वांगझूत, बजरंगलाल ताखर, सिंगल स्कल्स. ताखर लष्करातला.

आणि मग दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे त्याचं गाव, दुष्काळी भाग. बापाबरोबर विहिरी खोदायचं काम, पेट्रोल पंपावरची नोकरी, मग २०१२ ला लष्करात भरती, आणि तिथं उंची बघून कुणीतरी त्याला पुण्यात बोटीत बसवला. २०१६ ला रिओत सिंगल स्कल्समध्ये तो जगात तेरावा आला, शेवटच्या रेसचा टाइम ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला आजारी असताना सिंगलची फायनल मारली, सहाव्या नंबरला गेला, आणि दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंगबरोबर चौघांच्या बोटीत बसून गोल्ड, ६ मिनिटं १७.१३ सेकंद. हेन्लेच्या १८७९ च्या कलमात दत्तू पहिल्याच ओळीत बाद होता. विहीर खोदणारा.

म्हणून आपल्याकडं आज लेखी मजूरबंदी नाही, हे मोठं आहे. पण दार वेगळ्या ठिकाणी अरुंद आहे. सिंगल स्कल्सची बोट सव्वाआठ मीटर लांब, वजन फक्त १४ किलो, हात लावला तरी दबेल अशी, किंमत लाखांत. ती ठेवायला शेड पाहिजे, सरळ संथ पाणी पाहिजे, शिकवणारा पाहिजे. हे सगळं एका ठिकाणी मिळतं ते लष्करात, आणि म्हणून आपले जवळपास सगळे मोठे रोअर लष्करातले. लष्कराचे उपकारच आहेत. पण ज्याला भरतीत घेतलं नाही, किंवा ज्याच्या घरी तो एकटाच कमावता आहे, त्या कृष्णाकाठच्या पोराला दुसरा रस्ता कुठला?

पोरांत दम नाही असं कुणी म्हणू नये. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे, तेव्हा गल्ल्यांतनं माणसं बाहेर काढायला शर्यतीत होड्या मारणारी पोरंसुद्धा उतरली होती, कुठं गुऱ्हाळाच्या काहिलीसुद्धा पाण्यात घातल्या गेल्या. उलट्या ओढीत, विजेच्या तारा आणि छपरं चुकवत होडी न्यायची म्हणजे काय ते त्यांना कळतं. त्यांना सरकती सीट माहीत नाही, कारण आपल्या होडीत बसायची जागा हलत नाही, एवढाच काय तो फरक, आणि तो शिकवून भरून येतो. दत्तूला तर पाण्याचीच भीती होती, त्याला लष्करानं शून्यातनं शिकवलं.

मला दोन गोष्टी करता येतील असं वाटतं आणि दोन्हीला लाखांची बोट लागत नाही. पहिली, रोइंग मशिन. जिल्ह्यात एखाद्या तालमीत किंवा कॉलेजात एक चांगलं मशिन ठेवायचं आणि शर्यतीत उतरणाऱ्या सोळा-सतराच्या पोरापोरींची वर्षातनं दोनदा दोन हजार मीटरची टेस्ट घ्यायची, आकडे लिहून ठेवायचे आणि जे खरंच वेगळे दिसतील त्यांना पुण्याला पाठवायचं. मी बघितलेल्या शर्यतींत पहिला कोण, दुसरा कोण एवढंच पुकारतात, टाइम कुणी लिहीत नाही. टाइम नसला की पुण्याच्या कोचला दाखवायला पोराच्या हातात काहीच नसतं.

दुसरी गोष्ट लॉस एंजेलिसची. २०२८ च्या ऑलिम्पिकमधनं हलक्या वजनगटाच्या रेस गेल्या, आणि त्यांच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरची बीच स्प्रिंट आली. वाळूतनं पळत जाऊन बोटीत उडी घ्यायची, बोया, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, चुकवत अडीचशे मीटर आत जायचं, वळायचं, सरळ परत यायचं, उडी मारून पळत बझर दाबायचा. सिंगलची बोट सहा मीटर लांब, किमान ३५ किलो, लाटेत टिकणारी, मागनं पाणी वाहून जाईल अशी. अंतर कमी, वळण, धावणं, हलतं पाणी. सांगलवाडीच्या किंवा कवठेपिरानच्या पोराला हे समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतील. २०२८ आता हाताबाहेर गेलंय, पण आज बारा-तेरा वर्षांचं असलेलं पोर २०३६ ला ऐन भरात असणार आहे, आणि त्यासाठी सुरुवात धोम, कण्हेर असल्या धरणाच्या पाण्यावर एखादी जड, साधी बोट आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांचं शिबिर इथनंही होऊ शकते. वर्गणी काढायला आमच्या गावांना कुणी शिकवायला नको.